एकही बाद नाही

कुपीत काहीतरी तरंगत होतं — की तिच्याच डोळ्यात? तिने कुपी दिव्यासमोर धरली, हलकेच फिरवली, आधी काळ्या पाटीपुढे, मग पांढऱ्या. इंजेक्शनचं औषध नितळ होतं. तो ठिपका मात्र ती बघेल तिथे सरकत होता. ही कुपी ठीक; पण मघाच्या ट्रेचं काय?

मघाशी मांडीपाशी फोन थरथरला होता. फोन लॉकरमध्ये ठेवायचा हा नियम तपासणीच्या साहेबांचा, आणि शिफ्ट चालू असताना सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विनोद टाकून कोण हसलं नाही ते बघणारेही साहेबच — परवा तिने अंगठा दिला नाही तर म्हणे, काय गं, रुसलीस का आमच्यावर? म्हणून मग ॲप्रनच्या आड, एका हाताने... विनोद तिला शब्दन् शब्द आठवत होता, कोणी कोणी हसरे चेहरे टाकले तेही, शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीचा उशिरा आलेला कोरडा अंगठासुद्धा. आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने उचलून, फिरवून ठेवलेल्या कुप्यांपैकी एकही आठवत नव्हती. हात तर चालूच होते, इतक्या वर्षांची सवय. पण हाताला काय दिसतं, कपाळ!

एखादा केस, काचेची कणी... कुणाच्या तरी शिरेत. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा मी नर्सच्या हातातली कुपी निरखत बसले, तर नवरा म्हणाला, अगं, इथे तरी ड्युटी सोड. तेव्हा मला हसू आलं होतं.

ट्रे अजून दाराशी होता, पॅकिंगला न्यायच्या गाडीवर. ती उठणार, तोच साहेब मागे येऊन उभे राहिले.

"मघाच्या ट्रेत एकही बाद नाही? वा!"

एरवी दोन-तीन तरी निघतातच. हे त्यांनाही ठाऊक होतं. साहेब, तो ट्रे मला परत द्या, एवढंच म्हणायचं होतं तिला. पण साहेबांनी फोटो काढला आणि ते पुढे गेलेसुद्धा. मांडीपाशी पुन्हा थरथर. ग्रुपवर तिची पाठ, दिवा, खाली ‘एकही बाद नाही’, आणि टाळ्या, वर आणखी टाळ्या.

गाडी दारातून हलली. तिने घाईघाईने ग्रुपवरच लिहिलं, तो ट्रे थांबवा, आणि पाठवायच्या खुणेवर बोट नेलं... बोट तिथेच राहिलं. सगळ्यांच्या टाळ्या आल्या होत्या, चष्मेवालीची तेवढी राहिली होती — आणि मी मेली तिचीच वाट बघत होते.