साडूचे अश्रू

पूर्वजांनी सांडलेल्या रक्ताचं मोल डोळ्यांतल्या पाण्यानंच फेडता येतं. हे वाक्य रुपचंद महाजनांचं नाही. ते त्यांचे धुळ्याचे साडू ईश्वरराव यांचं आहे, आणि रुपचंदांचं दुखणं नेमकं तेच आहे.

रुपचंद जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतात. ईश्वररावांचं धुळ्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. 'कंठस्नान' नावाचा सिनेमा लागला तेव्हा ईश्वरराव पहिल्या खेळाला गेले. बाहेर एका यूट्यूब चॅनेलवाल्यानं त्यांच्यापुढे माइक धरला. ईश्वररावांनी वरचं वाक्य म्हटलं आणि ते रडू लागले. साधं नाही. आधी हनुवटी हलली, मग गॉगल निघाला, मग सगळा माणूस पोस्टरला टेकला. चार लाख वेळा ते पाहिलं गेलं. त्यातल्या बऱ्याच वेळा एकट्या रुपचंदांनीच.

"हे वाक्य त्याचं नाही," ते बायकोला, सरिताला म्हणाले. "कुठल्यातरी कॅलेंडरवरचं असेल."

"रडणं तर त्याचं आहे ना," सरिता म्हणाली. ती वाल सोलत होती.

एवढ्यावर निभावलं असतं. पण त्याच आठवड्यात दोंडाईच्याहून सासऱ्यांचा निरोप आला. नाना मिरचीचे जुने व्यापारी. दर जानेवारीत त्यांच्या मळ्यात भरिताची पंगत होते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात, लाकडी बडजीत मिरची-लसणाबरोबर ठेचतात, आणि सगळं गणगोत केळीच्या पानांवर जेवायला बसतं. नानांच्या उजव्या हाताचं पान थोरल्या जावयाचं. लग्न झाल्यापासून त्या पानावर रुपचंद बसत आले. जेवता जेवता ते नानांना खान्देशचा इतिहास सांगत. नाना मान डोलावत. आपल्याला इतक्या शांतपणे ऐकणारा दुसरा श्रोता वर्गातही नाही, असं रुपचंद अभिमानानं सांगत.

निरोप असा होता, की औंदा उजव्या हाताला ईश्वरराव बसतील.

"रडल्याबद्दल," रुपचंद म्हणाले.

"नाना असं कुठे म्हणाले?"

"म्हणावं लागत नाही."

दुसऱ्या दिवशी ते सरिताला घेऊन सिनेमाला गेले. सिनेमा सोपा होता. एका किल्लेदाराच्या भावाला सुभेदार हाल हाल करून मारतो आणि उरलेला वेळ किल्लेदार सुभेदाराच्या माणसांना मारतो. मध्यंतरापर्यंत हात तुटतात, मध्यंतरानंतर मुंडकी. सरिता ओढणीत तोंड घालून "संपलं का?" विचारत होती. पुढच्या रांगेतल्या बाई लेकराला भरवत होत्या. "खा पटकन," त्या म्हणाल्या, "नाहीतर त्याचा गळा कापलेला दिसणार नाही."

बाहेर मोईज नावाचा तरुण माइक घेऊन उभा होता. जळगावचा एक चॅनेल तो एकटाच चालवायचा. रुपचंद केस सारखे करून त्याच्यापुढे गेले आणि त्यांनी तोफेची बनावट, सुभेदाराचा पोशाख आणि तहाची कलमं यांतल्या चुका क्रमानं सांगितल्या. मोईजनं अदबीनं सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी व्हिडिओ आला. त्यात रुपचंद फक्त "पोशाखाबद्दल सांगायचं तर" एवढंच म्हणत होते. पुढे एक आजी रडत होत्या.

रुपचंद परत थिएटरवर गेले.

"सर, काय करणार," मोईज म्हणाला. "चूक कुणी पाहत नाही. लोक भावना पाहतात."

"मग रडतो."

"रडण्याला आता मार्केट नाही राहिलं. धुळ्याच्या त्या काकांनी सगळं खाऊन टाकलं. त्यांच्यानंतर जो रडतो तो कॉपी वाटतो."

हे वाक्य रुपचंदांना पुढे रात्रीच्या जेवणापर्यंत सलणार होतं.

"तुला कसा वाटला सिनेमा?" त्यांनी विचारलं.

"मी आत गेलोच नाही, सर. सुभेदाराचं नाव ऐकून अम्मी म्हणाली, बाहेरूनच काम कर. पण रोज इतके जण रडताना ऐकलं, की स्टोरी पाठ झाली." त्यानं माइकची वायर गुंडाळली. "चप्पल चालते सध्या. मालेगावला एका चाचांनी सुभेदाराच्या तोंडावर चप्पल मारली पडद्यावर. शेवटच्या मारामारीत सगळ्यांचे मोबाइल वरच असतात. कुणीतरी शूट करतं, मला पाठवतं."

रविवारी रुपचंद पुन्हा तिकीट काढून बसले, या वेळी एकटे आणि पुढून तिसऱ्या रांगेत. चप्पल निवडायलाही त्यांनी वेळ घेतला होता. नवी मारायला जीव होईना आणि जुनी कॅमेऱ्यात बरी दिसेना, म्हणून मधली घेतली. पण सिनेमा एकदा पाहिलेला, दुपारचं जेवण वरण-बट्टीचं आणि खुर्ची मागे झुकणारी. किल्लेदाराच्या बालपणाचा प्रसंग सुरू झाला आणि रुपचंदांचा डोळा लागला.

ते जागे झाले ते लोकांच्या आरोळ्यांनी. सगळीकडे मोबाइल वर गेले होते. पडद्यावर हिरवा मंदिल, मोठी दाढी, हातात नंगी तलवार, आणि तंबूतून सुभेदार बाहेर येत होता. रुपचंद उठले. "नराधमा," ते म्हणाले आणि त्यांनी चप्पल मारली. नेम उत्तम होता. चप्पल बरोबर दाढीवर बसली.

ती दाढी खोटी होती. आत किल्लेदार होता. वेषांतर करून तो सुभेदाराच्या तंबूत शिरला होता, सूड घेऊन नुकताच बाहेर आला होता, आणि सगळं थिएटर त्याच्या सन्मानार्थ उभं राहिलं होतं. हे वेषांतर रुपचंदांनी पहिल्या वेळी पाहिलेलं होतं. त्या वेळी ते मंदिलाच्या रंगातली चूक लक्षात ठेवत होते.

मारहाण झाली नाही, कारण मागच्या रांगेत त्यांचे तीन माजी विद्यार्थी निघाले. त्यांनी सरांना बाहेर आणलं. पोस्टरपुढे कान धरून माफी मागायला लावली आणि रिक्षात बसवलं. चप्पल मिळाली नाही.

व्हिडिओला मथळा होता : 'सुभेदाराचा वंशज जळगावात?' तो नऊ लाख लोकांनी पाहिला. ईश्वररावांच्या दुपटीहून जास्त. हा विचार रुपचंदांच्या मनात आला, आणि क्षणभर त्यांना बरंही वाटलं.

मग ईश्वररावांचा फोन आला.

"भाऊ, जेवलात का?" आवाजात इतकी माया होती की रुपचंदांच्या अंगावर काटा आला. "मी व्हिडिओ टाकलाय तुमच्यासाठी. लोकांना सांगितलं, आमचे साडू मनानं वाईट नाहीत. अभ्यास जास्त झाला की माणसाचं असं होतं."

"रडलास का त्यात?"

"थोडा."

त्या व्हिडिओनं नऊ लाखांनाही मागे टाकलं.

जानेवारीत भरिताची पंगत झाली. रुपचंदांनी दरवर्षीप्रमाणे बामणोदची वांगी नेली. वांग्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं, त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. मेव्हण्याच्या मुलांनी चपला लांब बांधावर नेऊन ठेवल्या.

नाना मधे बसले. उजव्या हाताच्या पानावर ईश्वरराव बसले. रुपचंद निमूट शेवटच्या पानाकडे निघाले, तशी नानांनी त्यांना हाक मारली आणि डाव्या हाताला बसवलं. डावं पान म्हणजे लहान मुलांचं, नाहीतर पथ्यपाण्याच्या पाहुण्यांचं. रुपचंद मान खाली घालून बसले.

ईश्वररावांनी पहिल्या घासालाच सुरुवात केली. पोस्टरला टेकलो तेव्हा काय वाटलं, पूर्वजांनी आपल्याला कसं निवडलं, नाशिकहून कुणाचा फोन आला. पुरी निवली तरी ते बोलत होते. नाना डोळे मिटून, जेवत, मान डोलावत होते. अगदी तीच डोलवण. रुपचंदांनी हातातला घास परत पानात ठेवला.

"नाना," शेवटी ते हळूच म्हणाले, "ईश्वरराव आता तुमच्या जास्त जवळचे झाले."

नाना लगेच वळले. "कोन? तो बोली राहिना का?"

"केव्हाचे बोलतायत."

"बोलू दे. तो आजकाल भलताच बोलस. म्हनीसन त्याले तिकडे बसाडं." नानांनी भरिताचा डबा रुपचंदांकडे सरकवला. "तुम्ही जेवा. मना तो कान बंद शे."

परतीची गाडी अमळनेरला थांबली. तिथे सरितानं शेंगा घेतल्या.

"नानांचा उजवा कान," रुपचंदांनी विचारलं, "कधीपासून बंद आहे?"

सरितानं एक शेंग फोडली.

"मी दहावीत होते तेव्हापासून," ती म्हणाली.