अळणी नाताळ

नाताळाच्या आदल्या दिवशी, पहाटे, मरियम हरभऱ्याच्या वावरात उभी होती, आणि आपण जागे आहोत की झोपेत हे तिचं तिलाच उमगत नव्हतं. प्रवरेकडून आलेलं धुकं बेलापूरच्या शिवारावर सांडलं होतं. संध्याकाळी तिने हरभऱ्यावर नवऱ्याचं जुनं धोतर अंथरून ठेवलं होतं. पाल्यावरची आंबट आंब रात्रभर त्यात उतरली होती. ते धोतर ती मडक्यावर धरून पिळू लागली. मीठ नसलेल्या भाजीला चव आणायची तर ही आंबच आणणार होती.

नवरा म्हणजे कृपादान मास्तर. दिवाळीच्या सुमारास त्यांचे पाय सुजले, छातीत पाणी झालं, आणि नगरच्या दवाखान्यातून ते कसेबसे घरी आले. डॉक्टरांनी बजावलं होतं, मीठ बंद. पुन्हा सूज चढली तर आमच्या हातात काही नाही. तेव्हापासून मास्तर ताटावर बसत, दोन घास चिवडत आणि उठत. प्रीतिभोजनाचं नाव काढलं की म्हणत, "मी न्हाई यायचा. सगळ्या पंगतीत माझ्या एकट्यापुढं आजाऱ्याचं ताट नको."

प्रीतिभोजन म्हणजे नाताळाच्या दुपारी चर्चच्या अंगणात सगळ्या ख्रिस्ती मंडळीची एक पंगत. लढाई संपली तरी साखर रेशनवरच होती, त्यामुळे गोडाला आधीच फाटा मिळालेला. पंगतीची भाजी दरवर्षी मरियमकडे असे. तिने ठरवलं की मिठालाही फाटा द्यायचा. पंगतीत मीठ पानाच्या कडेला वाढतातच. ज्याला हवं त्याने कालवून घ्यावं.

हे ऐकून मास्तरांची थोरली बहीण राहीबाई उसळली. खाण्याच्या बाबतीत तिला कोणाचीच भीडभाड नव्हती. "सनासुदीला आळनी? सुतक हाय का कुनाचं?"

"सुतक येऊ नये म्हनूनच, वन्सं," मरियम म्हणाली. राहीबाई पुटपुटत तीळ कुटायला बसली.

मास्तर येतो म्हणाले. नाताळाच्या सकाळी अंगणात तीन दगडांवर पातेलं चढलं. वांगी, कुटलेले तीळ, लसूण-मिरची, वरून आंब. मरियम ढवळू लागली. वाफ तोंडावर आली, कोवळं ऊन पाठीवर आलं, आणि ती कुठल्या कुठे गेली. समोर तरणेताठे मास्तर बसले होते, भाकरीचा तुकडा हातात, आणि म्हणत होते, "मरियम, आणखी वाढ." लग्न झाल्यापासून रोज ऐकलेले हे शब्द दिवाळीनंतर घरात एकदाही उमटले नव्हते. त्या शब्दांसाठी ती किती आसुसली होती हे तिला त्या वाफेतच कळलं.

ती भानावर आली तेव्हा तिचा उजवा हात शेजारी ठेवलेल्या, पंगतीत वाढायच्या मिठाच्या भांड्यात होता. बोटांना खडे चिकटले होते.

हात आता आत गेला, की एकदा पातेल्यावरून फिरून पुन्हा आला? जन्मभर स्वयंपाक केलेल्या हाताला विचारून काय उपयोग? आणि चाखून पाहायची सोय नव्हती. प्रीतिभोजनाच्या अन्नाचा कणसुद्धा आमेन होईपर्यंत जिभेवर ठेवायचा नाही, अशी मंडळीची रीत होती. नैवेद्य न चाखण्याची ही पणजी-आजीच्या वेळची सवय. बाप्तिस्म्याच्या पाण्याने ती काही धुऊन गेली नव्हती. हे खाऊ नका असं मास्तरांना सांगावं, तर ते पानावरून उठतील आणि पुन्हा कधी पंगतीला बसणार नाहीत. तिने पातेलं तसंच उतरवलं.

पानं मांडली, भाकरी-भाजी वाढून झाली. आभाराची प्रार्थना मास्तरांची. ती इतकी लांबायची की भाजीवर साय धरते अशी थट्टा चाले. त्यात विहिरी आल्या, बैल आले, लढाईवरून परतलेली पोरं आली. एरवी चुळबुळणारी मरियम आज मनात म्हणत होती, चालू दे, अजून चालू दे.

"आमेन."

मास्तरांनी भाकरी मोडली, भाजीत बुडवली. मरियमने धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं, तो घास काढून घेतला आणि स्वतःच्या तोंडात घातला. भरल्या पंगतीत बायकोने नवऱ्याचा पहिला घास खाल्ला.

"काय झालं?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"हात मिठात गेल्ता. भाजीत पडलं का न्हाई, आठवत न्हाई." ती चावत होती, पण भीतीने तोंडाला अशी कोरड पडली होती की जिभेला काही म्हणजे काही लागत नव्हतं.

तेवढ्यात बायकांच्या ओळीतून राहीबाईचा आवाज आला. आमेननंतर ती कोणासाठी थांबत नसे. "पार आळनी हाय गं. मिठाचा कन न्हाई. सांगत हुते मी."

मरियमने तोंडातला घास गिळला. उभ्या जन्मात नणंदेचं बोलणं तिला इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

मीठ वाढणारा ओळीतून फिरला. राहीबाईने ओंजळ पुढे केली, मास्तरांनी पानावर हात आडवा धरला. मग ते जेवू लागले, सावकाश, आंबट-तिखट चाखत, शेजारच्याशी बोलत. मरियम पळी घेऊन उभी होती.

"मरियम, आणखी वाढ."

ती जागची हलली नाही. तिला वाटलं, आपण अजून चुलीपाशीच आहोत.

"अगं, ऐकू येतं का?" मास्तरांनी मान वर केली. "आणखी वाढ."