शेवटचा चेंडू सरळ वर

मित्रांनो, मी एक जुनी बॅट आहे, आणि बावीस वर्षांत एकही सामना खेळलेली नाही. हसू नका. माझ्यासारखीला सामन्यात उतरायची परवानगीच नसते. मी इतर बॅटींपेक्षा चार बोटं लांब, अंगाने सडपातळ आणि वजनाला हलकी. मला फंगो म्हणतात. बेसबॉलच्या सामन्याआधी कोच स्वतःच चेंडू हवेत उडवतात, मला फिरवून टोलवतात आणि पोरं तो अडवतात किंवा झेलतात. एवढंच माझं काम. ते संपलं की मला कठड्याला टेकवून ठेवतात, आणि पुढचे तीन तास मी नुसती बघत असते.

माझा जन्म अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. मी ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची. लेथवर मला कातणाऱ्या म्हाताऱ्याने मला इतकं बारीक केलं, की शेजारच्या कामगाराने विचारलं, "काय रे, बॅट करतोयस की लाटणं?" ते माझ्या मनाला फार लागलं. पण म्हातारा शांतपणे म्हणाला, "ही सामने जिंकायला नाही, पोरं घडवायला आहे." त्या वाक्याच्या आधारावर मी बरीच वर्षं काढली.

मला विकत घेतलं डेल ब्रेकी यांनी. आयोवातल्या हॉब्सन कॉलेजात ते नुकतेच कोच झाले होते आणि तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते. दर फेब्रुवारीत ते माझ्या मुठीवरची काळी पट्टी सोडून नवी गुंडाळायचे. हे काम त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. बाहेर गुडघाभर बर्फ असायचा, म्हणून पहिले दोन आठवडे सराव व्यायामशाळेत चालायचा, आणि चेंडू भिंतीवर आपटला की आख्खी इमारत दणाणायची.

आमच्यासारख्या आठ छोट्या कॉलेजांची मिळून एक कॉन्फरन्स आहे. मार्च ते मे आम्ही बसने एकमेकांच्या गावी जातो, खेळतो, परत येतो. हंगामाच्या शेवटी वरच्या चौघांची स्पर्धा होते. या पोरांना टीव्हीवर कुणी दाखवत नाही. कुणी पुढे गुरांचा डॉक्टर होतो, कुणी शाळेत गणित शिकवतो, कुणी घरच्या डुकरांच्या फार्मवर परत जातो. तरी मार्चच्या गारठ्यात बधिर बोटांवर फुंकर मारत ती ज्या जिवाच्या आकांताने खेळतात, ते बघून माझा ऊर भरून यायचा.

आता आमच्या हॉब्सनची एक रीत सांगते. सरावाचा शेवटचा चेंडू कॅचरसाठी असतो. कॅचर म्हणजे पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, टाकलेला चेंडू झेलायला फलंदाजाच्या मागे, जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पाटीपाशी तोंडाला जाळी लावून बसतो तो गडी. कोचने चेंडू त्याच्या डोक्यावर सरळ आभाळात मारायचा, आणि त्याने झेलेपर्यंत कुणीही मैदान सोडायचं नाही. चेंडू असा सरळ वर मारणं हे माझ्यासारखीचं सगळ्यात अवघड काम. भल्याभल्या कोचांचा तो प्रेक्षकांत जाऊन पडतो, आणि लोक फिदीफिदी हसतात. ब्रेकींनी मारलेला मात्र असा उंच जायचा, की तो बघायला लोक अर्धा तास आधी येऊन खुर्च्या टाकायचे. तेव्हा मी जरा फुगायचे, हे कबूल करते.

मध्ये एका वर्षी कॉलेजने चेंडू फेकणारं यंत्र आणलं, आणि माझी रवानगी अवजारांच्या खोलीत चुन्याच्या पोत्यांमागे झाली. सहा आठवडे कुणी माझं नाव काढलं नाही. उंदीर अंगावरून जायचे. त्या दिवसांत मी पुष्कळ रडले. पण ते यंत्र एप्रिलच्या थंडीला कुरकुरू लागलं, एक दिवस त्याने चेंडू थेट चर्चच्या आवारात फेकला, आणि दुसऱ्या दिवशी कोच मला शोधत आले.

असं सगळं बरं चाललं होतं. मग गेल्या वर्षीचा मे महिना आला.

आमचा कॅचर एमेट क्रूगर. आडव्या बांध्याचा, कमी बोलणारा, हात मात्र तोफेसारखा. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ग्रीनली कॉलेजविरुद्ध आम्ही एका धावेने पुढे होतो. नऊ डावांतला शेवटचा डाव, त्यांचा शेवटचा गडी बाद व्हायचा बाकी. त्या फलंदाजाने मारलेला चेंडू सरळ वर गेला. एमेट त्याखाली गेला, गोल फिरला, पुन्हा फिरला, आणि चेंडू त्याच्या बुटापाशी पडला. गड्याला जीवदान मिळालं आणि पुढच्याच चेंडूवर त्याने दोन धावा काढून सामना जिंकला. परतीच्या बसमध्ये एमेट तोंडावरची जाळी न काढता बसला होता.

या फेब्रुवारीत कोचनी माझी पट्टी बदलली, सराव व्यायामशाळेतून मैदानावर आला, आणि शेवटच्या चेंडूला मला काहीतरी वेगळं जाणवलं. हात तेच होते, पण फटक्यात जोर नव्हता. चेंडू जेमतेम घराच्या कौलाइतका वर गेला. एमेटने तो झेलला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोच म्हणाले, "शाब्बास!" दुसऱ्या दिवशी तेच. मार्चमध्ये तेच, एप्रिलमध्येही तेच. पोरांना दिसत होतं, पण कुणी चकार शब्द काढला नाही. आपली दया आली की माणूस आपल्याकडे बघत नाही. कोच आणि एमेट त्या चेंडूनंतर एकमेकांकडे बघेनासे झाले होते. मी लाकूड पडले, मी काय बोलणार? पण मला आतून फार वाईट वाटायचं. एक चांगला मुलगा आमच्याच हातून लहान होत होता.

हंगाम मात्र झकास गेला. चोरून पुढे पळू बघणाऱ्या एकवीस जणांना एमेटने बसल्या जागेवरून फेकी करून बाद केलं. आम्ही दुसऱ्या क्रमांकावर आलो, स्पर्धेत अंतिम फेरीला पोचलो, आणि समोर पुन्हा ग्रीनली, तेही त्यांच्याच मैदानावर.

बक्षिसांचं जेवण आदल्या संध्याकाळी असतं. हॅम, कुस्करलेले बटाटे, आइस्क्रीम, आणि कॉन्फरन्समधल्या सर्वोत्तम खेळाडूंची, जागेगणिक एकेकाची, नावं. ती आठ कोच मतं देऊन ठरवतात, आणि आपल्याच पोराला मत द्यायचं नाही असा नियम आहे. मी बाहेर बसच्या उघड्या कप्प्यात पडून होते. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. कॅचर म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव वाचलं गेलं.

थोड्या वेळाने कोच तरातरा बाहेर आले आणि कप्प्याचं दार असं आपटलं की ते पुन्हा उघडलं. मागोमाग ग्रीनलीचे कोच ब्रूस लिंडाल आले. दोघं वीस वर्षांचे मित्र आणि वीस वर्षांचे वैरी.

"अरे डेल, रागावलास?"

"कशाला रागावू? मला माझ्या पोराला मत देता येत नाही, तुम्हाला द्यायचं नव्हतं. विषय संपला."

"विषय संपला म्हणतोस आणि दारं आपटतोस! ऐक जरा. त्या पोरासारखा हात आख्ख्या कॉन्फरन्समध्ये कुणाचा नाही. मी त्याचं नाव लिहिणारच होतो. पण तुझा सराव आम्ही सगळे बघतो ना? शेवटचा चेंडू तू त्याला कसा देतोस? बाळाला घास भरवावा तसा! तुझाच त्याच्यावर भरवसा नाही, मग मी तो कुठून आणू?"

लिंडाल कोचच्या खांद्यावर थोपटून आत गेले. आणि मग बसच्या पलीकडच्या बाजूने, हातात हेल्मेटांची पिशवी घेऊन एमेट पुढे आला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"तू इथे काय करतोयस? आत आइस्क्रीम आहे, जा."

"कोच, मला माहितेय तुम्ही खाली मारता ते. फेब्रुवारीपासून."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"कारण मला बरं वाटायचं." एमेटने पिशवी खाली ठेवली. "खोटं कशाला बोलू? सुटायची भीतीच नव्हती. पण आता बरं नाही वाटत. उद्या वर मारा."

"आणि सुटला तर? त्यांच्या मैदानावर, सगळ्यांसमोर?"

"तर पुन्हा मारा. झेलल्याशिवाय कुणी मैदान सोडत नाही ना आपल्यात? मग राहू दे सगळ्यांना उभं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन स्वच्छ होतं आणि वारा भलताच सुटला होता. ग्रीनलीची पोरं कठड्यावर हात टेकून आमचा सराव बघत होती. शेवटच्या चेंडूची वेळ आली. कोचनी माझी मूठ घट्ट आवळली. त्यांनी चेंडू उडवला, आणि मित्रांनो, काय सांगू! वर्षभराने त्यांनी मला जीव खाऊन फिरवलं. चेंडू इतका वर गेला की दिसेनासा झाला.

एमेट खाली गेला, वळला, आणि चेंडू हातभर मागे पडला. कोचनी एमेटकडे पाहिलं. एमेटने मान हलवली. दुसरा चेंडू गेला. तो त्याच्या हातमोज्याच्या कडेला लागून निसटला. प्रेक्षकांतून कुणीतरी हसलं. आमची पोरं जागची हलली नाहीत.

पंचांनी घड्याळ पाहिलं. "कोच, वेळ संपली."

"माझ्या वेळेतली दोन मिनिटं द्या त्याला," कठड्याजवळून लिंडाल ओरडले. "आमच्या पोरांना सरावाची गरज नाही, एरवी पण ती ऐकत नाहीत!"

"पाठ कर, एमेट," कोच हळूच म्हणाले. "मैदानाकडे पाठ. चेंडू उतरताना मैदानाकडे सरकतो, म्हणजे तुझ्याकडेच. गोल फिरू नकोस, थांब त्याच्यासाठी."

तिसरा चेंडू पहिल्या दोघांपेक्षाही वर गेला. एमेटने जाळी लांब फेकली, मैदानाकडे पाठ केली आणि थांबला. वाऱ्याने चेंडू एकदा ढकलला, त्याने एक पाऊल टाकलं. मग हातमोज्यात तो ओळखीचा आवाज आला. आमची पोरं ओरडली, ते ठीकच. पण ग्रीनलीची पोरंही कठड्यावर थापा मारत होती. कोचनी मला छातीशी धरलं होतं आणि ते कुणाला दिसलं नाही.

सामना आम्ही पाच-चारने जिंकला. शेवटचा चेंडू साधा घरंगळत आला आणि सहज अडवला गेला. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, पाण्याच्या पिंपातला बर्फ कोचच्या डोक्यावर ओतला गेला. करंडक घेऊन आम्ही बसमध्ये बसलो. मी कोचच्या गुडघ्यांमध्ये उभी होते. शेजारी त्यांची बायको मार्लिस. बावीस वर्षं संघाची धावनोंद तिनेच ठेवली आहे. ती वही चाळत होती.

"चौथ्या डावातला एमेटचा झेल काय सुंदर होता!" ती म्हणाली. "चांगला आभाळाला टेकून आला चेंडू. किती वारा, तरी जागचा हलला नाही पोरगा."

"कुठला झेल?" कोचनी विचारलं.

"अरे, कुठला काय? असा सरळ वर गेलेला! तू कुठे होतास?"

"चौथ्या डावात? पिचरशी बोलत होतो वाटतं. एमेट चेंडूखाली गेलेला दिसला, मग वळून काय बघायचं?"

तेव्हा मागच्या सीटवरून हसण्याचा आवाज आला. एमेट हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्याच्या चार वर्षांतला सगळ्यात उंच झेल त्याच्या कोचनी पाहिलाच नव्हता, आणि त्या दिवशी बसमध्ये त्याच्याइतकं खूश कुणी नव्हतं.

मित्रांनो, मी आता थकले आहे. माझ्या अंगावर एक बारीक चीर गेली आहे. मला ओलीत टाकू नका, उन्हात तापवू नका, वर्षातून एकदा मुठीची पट्टी बदला. मी अजून पुष्कळ वर्षं टिकेन. आणि तुमच्या माणसांना जपाल तेव्हा मायेपोटी त्यांना खालचे चेंडू देऊ नका. वर मारा, आणि सुटला तर त्यांच्यासोबत मैदानात उभे राहा.