जाऊबाईंचा दुसरा गिअर

ती सून म्हणून घरात आली तेव्हा गाडी आधीच दारात उभी होती. सासरे गाडीला थोरली सून म्हणायचे आणि हिला धाकटी. त्यांना मुलगा एकुलता एक, त्यामुळे दुसऱ्या सुनेचा प्रश्नच नव्हता. पण नाव चिकटलं ते चिकटलं. साठी उलटली, स्वतःला जावई आला, तरी ही आपली धाकटीच. गाडीला ती जाऊबाई म्हणे. जावाजावांचं जसं असतं तसंच या दोघींचं झालं होतं. आधी गळ्यात गळा आणि मग अबोला.

आज संध्याकाळी जाऊबाईंना बघायला गिऱ्हाईक येणार होतं. नवऱ्याच्या डाव्या गुडघ्यानं संप पुकारला होता. क्लच दाबायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं, आणि ‘आता चालवणार कोण?’ या एका वाक्यावर विक्री ठरली. हे त्यानं धाकटीच्या तोंडावर विचारलं आणि तिनंही खाली बघत ‘खरंच की’ म्हटलं. गाडी जायला तिला मुळीच नको होती. गाडी गेली की गावाबाहेरच्या बहिणीकडे जाणं संपलं, मनात आलं म्हणून कुठं निघणं संपलं. पण जी बाई चालवत नाही तिनं गाडीबद्दल बोलायचं कुठल्या तोंडानं?

एके काळी चालवायची, आणि झकास चालवायची. सासऱ्यांनी स्वतः शेजारी बसून शिकवलं होतं. मुलांना शाळेत सोडायचं, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, पाहुण्यांना स्टेशनावरून आणायचं, सगळं तीच करी. सासरे गेले आणि त्यानंतर वर्षभरात दुसरा गिअर कुरकुरायला लागला. टाकला की खर्रर्र! रस्त्यावरची माणसं वळून बघत. “तुझ्या हाताला घाई फार,” नवरा म्हणे. ती म्हणाली, हात तोच आहे, गिअरमध्येच काहीतरी झालंय. त्यावर तो हसून म्हणायचा, “नाचता येईना, अंगण वाकडं.” त्याच्या हातूनही आवाज होई. मग म्हणे, “सकाळी तू चालवलीस ना, त्याचा हा परिणाम.” असल्या माणसापुढे कोण जिंकणार? एक दिवस तिनं किल्ली खुंटीला अडकवली ती अडकवलीच. कुणी हिसकावून घेतली नव्हती. पुढे कुणी विचारलंच तर ती आपणहून सांगे, “मला बाई गिअर जमत नाही.” इतक्यांदा सांगितलं की तिला स्वतःलाही ते पटलं.

तर गिऱ्हाइकासमोर खर्रर्र व्हायला नको म्हणून गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं होतं. मेकॅनिककडे जाणं नवऱ्याच्या शानीत बसत नव्हतं. सकाळी दात-ओठ खात त्यानं स्वतःच गाडी गल्लीतून दोन फेऱ्या फिरवली, कारण गरम झालेलं ऑइल चटकन वाहतं. मग जॅक लावून चारी चाकं उचलली, खाली लोखंडी घोड्या दिल्या, चटई अंथरली, आणि धाकटीच्या खांद्याचा आधार घेत, कण्हत, ‘हळू, हळू’ असं स्वतःलाच सांगत साहेब एकदाचे गाडीखाली सरकले. बाहेर उरले फक्त दोन अनवाणी पाय.

“बारीक पाना दे.”

तिनं दिला.

“हा नाही गं, त्याच्या शेजारचा.”

तिनं शेजारचा दिला. तो अर्थातच बसला नाही, आणि पहिलाच परत मागवण्यात आला.

त्यानं आधी वरचं, भरायचं बूच सैल करून घेतलं आणि मगच खालचं काढलं. वरचं निघालंच नाही तर रिकामी गाडी घेऊन बसायची वेळ येते. ऑइल पसरट टबात पडायला लागलं, काळपट आणि सावकाश. टॉर्च धरून ती वाकली आणि बघतच राहिली. त्या काळ्या ऑइलात सोनेरी चुरा तरंगत होता, एखाद्या साडीची जर कुटून टाकावी तसा.

“अगंबाई! हे काय हो चमकतंय?”

“काही नाही. जुनं ऑइल असंच दिसतं.”

त्याच्या उजव्या पायाचा अंगठा वर झाला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. हा अंगठा वर झाला की माणूस थाप मारतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं गुपचूप हत्यारांच्या पेटीतून लोहचुंबक काढला आणि टबात फिरवला. काळं कीट त्याला चिकटलं. सोनेरी चुरा जागचा हलला नाही.

“चुंबकाला लागत नाही. म्हणजे लोखंड नव्हे.”

“तू बॉनेटपाशी जा आणि नरसाळं धर,” गाडीखालून आवाज आला. “पाइप मी इथे भोकाला लावतो. सांगितलं की ओत.”

नवं ऑइल भरणं हे दोन माणसांचं काम. एकानं वरून ओतायचं, दुसऱ्यानं खालून बघायचं. धाकटीनं डबा उचलला, चष्मा नाकावर घेतला. ओतण्याआधी डब्यावरचं वाचायची तिला सवय. औषधाची बाटली असो की साबणाची वडी.

“यावर लिहिलंय, ‘पितळेला अपाय करत नाही.’”

खाली पाना टबाच्या कडेवर वाजला.

“म्हणजे अपाय करणारंही असतं की काय?”

“असतं एकेक. ओत तू.”

“आपल्या गाडीत आधी कुठलं होतं?”

दोन्ही अंगठे वर झाले. धाकटीनं डबा बॉनेटच्या कडेवर ठेवला आणि पायांसमोर येऊन पाटावर बसली.

“मी ओतत नाही.”

“अगं, गिऱ्हाईक येईल!”

“येऊ दे. दोघं मिळून ऐकू.”

तो बाहेर येऊ शकत नव्हता. गुडघा वाकत नव्हता आणि ओढून काढणारं माणूस पाटावर बसलं होतं. आयुष्यभर असल्या वेळी तो पेपर उघडायचा किंवा चक्कर मारायला जायचा. आज तीही सोय नव्हती.

“बाबा गेले ना,” शेवटी आवाज आला, “त्यानंतर मी ऑइल बदललं होतं. दुकानात सगळ्यात भारी मागितलं. म्हटलं, बाबांची गाडी आहे, तिला कमी नको पडायला.”

“बरं.”

“या गाडीत आत पितळेच्या कड्या असतात. त्या फिरत्या गिअरला जरा धरून ठेवतात, म्हणून तो गपचूप बसतो. ते भारी ऑइल कड्यांना धरूच देत नाही. सटकवतं. वर त्यातलं औषध पितळ खातं. म्हणून खरखर व्हायची.”

“माझ्या हातानं नाही?”

“नाही.”

“मग अंगणच वाकडं होतं म्हणायचं.”

दोन्ही अंगठे हळूच खाली आले.

“तुम्हाला हे आज कळलं?”

“परवा. नवा डबा घेताना. दुकानदारानं विचारलं, आधी कुठलं घालत होता, आणि सांगितल्यावर हसला.”

“परवा! आणि दोन दिवस मूग गिळून बसलात?”

“म्हटलं, गाडी तर जातेच आहे. आता सांगून काय...” आणि मग, आवाज उतरवून, “तोंड नव्हतं मला.”

धाकटीला राग आला होता, पण तो फेकायला समोर चेहरा नव्हता. नुसत्या पायांशी किती भांडणार? ती उठली आणि डबा उचलून ओतायला लागली. नव्या ऑइलाची बारीक धार पाइपातून खाली चालली होती. “बस, बस, भोकातून बाहेर आलं,” तो म्हणाला. त्यानं बूच आवळलं. मग तिनं त्याचे दोन्ही घोटे धरले आणि त्याला चटईसकट बाहेर ओढलं. त्याच्या कपाळावर काळा डाग होता आणि डोळे लाल. तिनं डाग पुसला नाही.

जाऊबाई घोड्यांवरून खाली उतरल्या. आता चालवून बघायला हवं होतं. तो दाराच्या आधारानं उभा राहिला, डावा पाय उचलायला गेला आणि कळवळला.

“किल्ली द्या,” धाकटी म्हणाली.

“लायसन्स?”

“मुदत संपली की दर वेळी नवं करून आणते. तुम्ही कधी विचारलंत?”

त्यानं खिशातून किल्ली काढून दिली आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर बसला. धाकटीनं सीट पुढं ओढली, आरसा आपल्या उंचीचा केला. क्लचची ताकद पायाला आठवत होती. पहिला गिअर, गाडी हलली. कोपऱ्यापर्यंत आल्यावर तिनं क्लच दाबला आणि दुसरा टाकला.

काहीही आवाज झाला नाही. लोणी कापावं तसा गिअर बसला.

तिनं गाडी कडेला घेऊन थांबवली आणि रडायला लागली. आनंद नव्हता तो. थोडी जरी खरखर झाली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. निम्मा दोष तरी आपल्याकडे ठेवता आला असता. एवढंसं होतं तर. एक डबा ऑइल. त्यापायी तिनं उन्हातान्हात बसची वाट बघितली, बहिणीच्या आजारपणात ‘हे आले की येते’ असं फोनवर सांगत बसली, आणि लेकीनं गाडी शिकव म्हटल्यावर ‘बाबांकडून शीक, मला काय येतंय’ म्हणून मोकळी झाली. लेकीला आपण तसं सांगितलं हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

नवऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला, हाताला ऑइल आहे हे पाहून खाली घेतला.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. पेपर नव्हता, गाडीखालचा अंधार नव्हता. तिच्याकडे बघून म्हणाला. “गिऱ्हाइकाला काय सांगू?”

गाडीच्या बाबतीत त्यानं तिचं मत विचारण्याची ही पहिलीच वेळ.

धाकटीनं पदरानं डोळे पुसले, गाडी वळवली आणि घरासमोर आणून उभी केली.

“उतरा.”

“आणि तू?”

“सांगा, गाडी दाखवता येणार नाही. मालकीणबाई घेऊन गेल्यात.”

“कुठं?”

“ते ठरलं नाही अजून.”

तो सावकाश उतरला, आणि दार लावून फाटकाला धरून उभा राहिला. धाकटीनं गाडी काढली. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला, आणि शेजारून कुणी काही सांगायच्या आत तिनं तिसरा टाकला. मग तिच्या लक्षात आलं की शेजारी कुणीच नाही.