दादूचं तिसरं मरण

मुलुंडच्या थिएटरात आम्ही सगळे दादूला मरताना बघायला गेलो होतो. माझा भाऊ दादू सिनेमात फायटर आहे, गुंडांच्या घोळक्यातला. पिक्चरमधल्या दोन हिरो पोलिसांपैकी लंबूने त्याला काचेतून फेकला, आम्ही शिट्ट्या मारल्या. मग तोच दाढी लावून आला आणि जाड्याने त्याला पेटवला. पुन्हा शिट्ट्या.

मागचा माणूस म्हणाला, "मेलेला परत कसा येतो? बकवास पिक्चर."

माझं डोकं सटकलं. "गप बस ना. अजून एकदा मरायचाय तो."

तिसऱ्यांदा दादू गच्चीवरून असा झकास कोसळला, की पहिली शिट्टी त्या मागच्याचीच आली.

पिक्चर सुरू झाल्यापासून घट्ट धरलेला, शेजारच्या खुर्चीत बसलेल्या दादूचा हात आईने तेव्हा कुठे सोडला.

"आता नाही ना रे मरायचं?"