चुडाव्याच्या स्टेशनासमोरचा फ्लेक्स

सुलाबाईंना कौतुक पोटात ठेवता येत नसे. एरवी बाई लाख मोलाची, पण ही एक खोड, आणि तीच एकदा चांगली अंगाशी आली.

नवरा गेल्यावर त्यांनी परभणीत एका शिलाई मशिनीवर शाळेचे गणवेश शिवायला घेतले होते. पुढं जिल्हाभरातली पोरं त्यांनी शिवलेल्या कपड्यांत वाढली. कारखाना उभा राहिला, तो त्यांनी सून राजेश्रीच्या हाती दिला आणि स्वतः खेड्यापाड्यांतल्या मुलींसाठी फुकट वसतिगृह काढलं. मुली त्यांना काकू म्हणत. काकू त्यांच्यावर ओरडत, जीवही लावत आणि कुणी जरा काही करून दाखवलं की गावभर सांगत सुटत.

यंदा त्यांच्या डोळ्यांत भरली होती चुडाव्याची धम्मशीला. पोलीस भरतीची तयारी करणारी ही पोरगी जिल्ह्याच्या शर्यतीत पहिली आली आणि काकूंना राहवेना. आपल्याकडं आनंद झाला की माणूस आधी फ्लेक्सवाल्याकडं जातो. मजकूर काकूंनी स्वतः सांगितला. चुडाव्याच्या स्टेशनासमोर फ्लेक्स लागला: वर काकूंचा भला मोठा हसरा फोटो, खाली कोपऱ्यात धम्मशीला आणि मध्ये ठळक अक्षरांत, ‘सुलाबाईंच्या आधाराने घडलेली गरीब मजुराची होतकरू कन्या’.

त्यानंतर धम्मशीला सुट्टीला घरी गेली ती परत आलीच नाही. भरतीची मैदानी चाचणी तोंडावर आलेली. फोन लावावा तर बंद. ही संधी हुकली तर पुढची भरती कधी निघेल, हे सरकारलाही ठाऊक नसतं. काकूंचा जीव टांगणीला लागला. पोरीचं लग्न ठरवलं की काय? शेवटी त्या गाडी काढून चुडाव्याला निघाल्या, तिच्या बापाला कसं झापायचं ते वाटेत ठरवत.

बाप, तात्याराव, दारातच होता. "जयभीम बाई, या," म्हणाला, पण नजर वर केली नाही. आत धम्मशीला ज्वारी निवडत बसली होती.

"चाचणी तोंडावर आली अन् तू हितं सूप घेऊन बसलीस?"

"मी न्हाई येणार, काकू."

"का पर?"

पोरीनं सूप खाली ठेवलं. मग एकदम तिचा बांध फुटला. "तुमी फ्लेक्स लावला तवापासून बाबा स्टेशनाकडं जाईनात. टपरीवर लोक चिडवायलेत, काय गरीब मजूर, या बसा! माझ्या बाबानं आजवर कुणापुढं हात न्हाई पसरला. तुमी बूट दिले, जेवू घातलं, लय केलं. पर मैदानावर पळाले मी, काकू."

काकूंना आठवले ते मुख्याध्यापक, पहिलं काम देताना सगळ्यांदेखत म्हणालेले, बिचारी विधवा आहे, देऊन टाका. तेव्हा काकू कडाडल्या होत्या, "आधी माझी शिवण बघा, न्हाई आवडली तर काम देऊ नका." तो राग त्यांनी जन्मभर जपला आणि आज एका बापाच्या बाबतीत नेमकं तेच करून बसल्या. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"तात्याराव," त्या म्हणाल्या, "शिडी हाय का घरात?"

भर दुपारी, सगळ्या टपरीसमोर, पदर खोचून काकू शिडीवर चढल्या. तात्यारावानं खाली शिडी धरली. त्या विळ्यानं दोऱ्या कापायला लागल्या तसं कुणीतरी विचारलं, "बाई, काय चुकलं फ्लेक्सात?"

"मी चुकले," काकू वरूनच म्हणाल्या आणि फ्लेक्स धाडकन खाली आला.

उन्हं उतरायच्या आत धम्मशीला पिशवी घेऊन गाडीत बसली.

चाचणीच्या दिवशी काकू आणि तात्याराव मैदानाच्या कुंपणाबाहेर गर्दीत उभे होते. शिट्टी वाजली आणि थोड्याच वेळात धम्मशीला सगळ्यांच्या पुढं निघाली. काकूंनी कुंपणाची जाळी घट्ट धरली.

शेजारच्या बाईनं विचारलं, "ती पुढं पळायलीय, ती तुमची कोण हो?"

सगळी कहाणी काकूंच्या ओठांवर आली होती. वसतिगृह, बूट, सगळंच. ती त्यांनी मोठ्या कष्टानं गिळली आणि मागं उभ्या असलेल्या तात्यारावाला हाताला धरून पुढं आणलं.

"ह्यांची लेक हाय ती," काकू म्हणाल्या. "धम्मशीला."