रखमाजीच्या नावचा शब्द

“या लोकांवर भरवसा टाकला, तिथंच चुकलं.” भुजंगचं हे वाक्य बेबीनंदानं दोन वर्षं निखाऱ्यासारखं राखेखाली जपलं होतं, रोज फुंकर घालून.

भुजंग हा काकासाहेबांचा पुतण्या. काकासाहेबांची जालन्यात बियाण्यांची कंपनी. तिच्या वेबसाइटवर विक्रेत्यांसाठी दराचं बंद पान होतं आणि पासवर्डची फाइल तिथं कामाला असलेल्या बेबीनंदानं रचलेली. एकदा दर जाहीर व्हायच्या आधीच कुंभार पिंपळगावच्या रखमाजी या विक्रेत्याच्या नावानं ते पान उघडलं गेलं, दर दुसऱ्या कंपनीला पोचले. फाइल हिची, म्हणून चोर हीच. काकासाहेबांनी फाइलीची फ्लॉपी पाकिटात घातली, वर सही करून कपाटात टाकली, आणि विक्रेत्यांदेखत हिला घरी पाठवलं. भुजंगचं ते वाक्य तेव्हाचंच.

तिनं जीव तोडून सांगितलं होतं. फाइलीत शब्द राहतच नाही. जात्यात घातल्यासारखा दळून त्याचं पीठ राहतं. पिठावरून दाणा कुणाला ओळखू येत नाही. वर प्रत्येक नावाला वेगळं चिमूटभर मीठ पडतं, त्यामुळं दोघांचा शब्द एक असला तरी पीठ निराळं दिसतं. पण ऐकणार कोण?

मग गेल्या महिन्यात, ती भोकरदनला तहसीलसमोर अर्ज टाइप करत असताना, रखमाजीच पुढ्यात येऊन बसला.

“ताई, मला कुठं टायपिंग येतंय? पासवर्ड टाकताना तुमी रीतीपरमानं भिंतीकडं तोंड करून उभ्या व्हत्या. तवा भुजंगनंच टाकून देल्ता. म्हणला, लागला की मला विचारा.”

बेबीनंदाचे हात कीबोर्डावर तसेच थांबले. भुजंगसारखा आळशी माणूस दुसऱ्यासाठी नवा शब्द कशाला शोधेल? स्वतःचाच टाकला असणार.

विक्रेत्यांच्या मेळाव्याला ती रखमाजीसोबत गेली. बाहेर मांडवात साठ माणसं, आत कचेरीत नवा सर्व्हर. जुना विंडोजचा मोडीत काढून लिनक्सचा आणला होता.

“काकासाहेब, तुमच्या सहीचं पाकीट फोडा. जुनी फाइल या मशीनवर ठेवते. एकदाच बघा.”

भुजंग हसला. “काका, विंडोजची फाइल हाये ती. इथं बिलकुल चालत न्हाई.”

सही धड होती. काकासाहेबांनी पाकीट फोडलं. बेबीनंदानं फाइल चढवली, रखमाजीचं नाव टाकलं, आणि पासवर्ड म्हणून मुद्दाम भलताच शब्द. पान उघडलं नाही.

“बघा! म्हणलो न्हवतो?”

“मंग भाऊ,” बेबीनंदा म्हणाली, “रखमाजीच्या नावापुढं तुमचाच शब्द टाका की. चालतच न्हाई तर भ्या कशाचं?”

“भितो कोण?” भुजंगनं खुर्ची ओढली. त्याचा शब्द म्हणजे बुलेटचा नंबर. रोज काकासाहेबांसमोर टाकायचा, त्यांना पाठ होता. ते त्याची बोटं बघत उभे राहिले.

दराचं पान उघडलं.

भुजंगनं खुर्ची मागं सारली. “हिनंच काहीतरी केलं! दुसऱ्या मशीनची फाइल चाललीच कशी?”

“जातं कुठल्याबी गावचं असू द्या, भाऊ. दाणा तोच, मीठ तेच, तर पीठ तेच पडतं. सगळीकडं चालावी म्हणूनच तसली दळायची रीत निवडली व्हती मी.” ती हळू बोलत होती, लेकराला निजवत असल्यासारखी. “आता रखमाजीच्या नावाला तुमच्या बुलेटचा नंबर कसा, ते सांगा.”

 काकासाहेबांनी दार लोटून घेतलं.

“बेबीताई, चुकलं माझं. सोमवारपासून कामावर या. याचं मी बघतो. घरातली गोष्ट घरात राहू द्या.”

“मला घरात कुठं काढलं व्हतं? चारचौघांत काढलं.” तिनं दार सताड उघडलं. “काम नको मला. मांडवात चला.”

काकासाहेब मांडवात उभे राहिले. भुजंग खाली मान घालून त्यांच्या शेजारी. दर कुणी फोडले ते काकासाहेबांनी सांगितलं, पुतण्याचं नाव घेऊन, पुटपुटल्यासारखं.

बेबीनंदा शेवटच्या रांगेच्याही मागं जाऊन उभी राहिली.

“इथं ऐकू न्हाई आलं, काकासाहेब. पुन्हा सांगा.”